पंचांगांतील समुद्र

आमच्यासारख्या घरांतून दिवसाचा आरंभ तिथीच्या उच्चारानें होतो. स्नान झालें, देवापुढें बसलें, आचमन केलें, कीं संकल्पांत संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र यांचीं नांवें ओळीनें येतात. लहानपणीं वडिलांच्या शेजारीं बसून आम्हीं तीं पाठ केलीं आणि पुढें जन्मभर रोज म्हटलीं. परंतु ज्या तिथीचा आपण रोज उच्चार करतों ती आपल्या देवघरापुरती नसून, घाटाखालचा समुद्रहि तीच तिथि पाळीत आहे, हें आम्हांला वयाच्या पंचविशीपर्यंत ठाऊक नव्हतें. तें ज्या प्रसंगानें कळलें तो सांगावयास आजहि संकोच वाटतो. पण मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न जेथें येतो तेथें मास्तरानें स्वतःची लाज राखीत बसूं नये, म्हणून तो येथें सांगत आहों.

त्या वेळीं आम्ही घाटावरील एका गांवच्या शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. बाकी जें कांहीं होतें तें वडिलांनीं पाठशाळेच्या पद्धतीनें करून घेतलेलें. भूगोलाचे शिक्षक लांबच्या रजेवर गेले, तेव्हां सातवीचा भूगोल सहामाहीपुरता आमच्याकडे आला. आम्ही पुस्तक वाचून जात होतों आणि वाचलेलें सांगत होतों. "भरती-ओहोटी" हा धडा आम्हीं असाच शिकविला. फळ्यावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र काढले, पौर्णिमा-अमावास्येस मोठी भरती व अष्टमीस लहान भरती येते हें मुलांकडून घोकून घेतलें. वर्गांत एक बुटका, चुणचुणीत मुलगा होता. त्यानें त्या धड्याचें उत्तर एकहि शब्द न चुकतां म्हणून दाखविलें, आणि आम्हीं त्याला सर्वांसमक्ष शाबासकी दिली. दुसऱ्याच आठवड्यांत शाळेची सहल कोंकणांत निघाली.

चौतीस मुलें आणि आम्ही दोघे मास्तर. बहुतेक मुलांनीं समुद्र पूर्वीं पाहिलेला नव्हता. खरें सांगावयाचें तर आम्हींहि एकदांच, तोहि मुंबईस कठड्यावरून पाहिला होता. पहाटे निघालेली एस्‌. टी. घाट उतरून दहाच्या सुमारास उत्तर कोंकणांतील एका खाडीच्या मुखाशीं पोंचली. समुद्र फार दूर गेलेला दिसत होता. मध्यें घोटाभर पाण्याचा एक ओहळ आणि त्याच्या पलीकडे वाळूचा लांबच लांब पांढरा पट्टा उघडा पडलेला. मुलें हर्षानें ओरडत त्या पट्ट्यावर गेलीं, आणि त्यांच्या मागून आम्हीहि गेलों. शंख वेंचले, खेकड्यांचीं बिळें पाहिलीं, वाळूचे किल्ले झाले. मग मुलांनीं दशम्या-चटणीचे डबे सोडले. आम्हांला त्या दिवशीं उपास होता. संकष्टी होती. रात्रीं चंद्रोदय किती वाजतां आहे हें आम्हीं आदल्या दिवशींच पंचांगांत पाहून ठेवलें होतें. न जाणों, परत येतांना वाटेंतच उपास सोडावा लागला तर!

बारा वाजून गेले असतील. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, ओहळ रुंद झालाय." आम्हीं वळून पाहिलें तों ज्या ओहळांतून आम्ही घोटाभर पाण्यांतून आलों होतों तो आतां सरळ खाडीकडे धांवत होता. आम्हीं मुलांना एकमेकांचे हात धरावयास लावले आणि पाण्यांत पाऊल घातलें. मध्यावर पाणी आमच्या कमरेच्या वर आलें. तेवढ्यांत सांखळी तुटली, आणि तोच बुटका मुलगा पाण्यानें उचलला जाऊन खाडीच्या आंतल्या बाजूस वाहूं लागला. त्याचें डोकें दोनदां दिसलें, मग दिसेना. आम्हांला पोहतां येतें, पण विहिरींतलें. त्या क्षणीं आमच्या तोंडून देवाचें नांवहि निघालें नाहीं.

काठावर जाळें सांधीत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानें आपली लहान होडी केव्हांच पाण्यांत लोटली होती. त्यानें मुलाच्या मागें न जातां प्रवाह जिकडे चालला होता तिकडे पुढें जाऊन होडी आडवी धरली आणि पोर आयतें हातीं आल्यासारखें वर ओढून घेतलें. मग तीन खेपा करून बाकीचीं मुलें व आम्हां दोघांस त्यानें काठावर आणलें. मुलाच्या पोटांतलें पाणी निघालें, तो रडूं लागला, तेव्हां आमच्या जिवांत जीव आला. गांवांत त्या म्हाताऱ्याला सर्वजण तांडेल म्हणत. त्यानें आमच्याकडे बराच वेळ पाहिलें आणि विचारलें,

"मास्तर, आज तिथ कंची?"

"चतुर्थी," आम्ही म्हणालों, "संकष्टी आहे."

"मंग चार पाऊण किती?"

आम्हांला प्रश्नाचा रोख कळेना. "तीन," आम्हीं सांगितलें.

"म्हंजे तिनाला भरती पुरी. नवाला सुकती संपली व्हती. तुमी धाला पान्यांत शिरलाव. सुकती संपल्यावर शानं मानूस भाईर येतं, तुमी आंत गेलाव."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणून तें अधिक लागलें. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला तिथि कळत होती आणि पाऊणकी येत होती; ज्याला दोन्ही येत होत्या त्या आम्हांला त्यांची गांठ कोठें पडते हें ठाऊक नव्हतें. रात्रीं उगवणाऱ्या चंद्राची वेळ आम्हीं उपासासाठीं पाहून ठेवली होती. दुपारीं तोच चंद्र पाणी चढवीत असेल हें मनांतहि आलें नव्हतें. आणि ज्या मुलाला भरती-ओहोटीचें उत्तर तोंडपाठ होतें तो त्याच उत्तरांत बुडतां बुडतां वांचला.

मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर कोळी लोक पिढ्यान्‌ पिढ्या वापरीत आलेला हा हिशेब आहे. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, त्या दिवसाची जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती, एकदां दिवसा व एकदां रात्रीं. चतुर्थीस चार पाऊण तीन, म्हणजे दुपारीं तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीस आठ पाऊण सहा. पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. भरतीच्या वेळेंत सहा तास मिळविले अथवा वजा केले कीं ओहोटीची वेळ निघाली. ज्या घरांत दिनदर्शिका आहे आणि ज्या मुलाला पाऊणकी येते, त्याला याहून अधिक साधन लागत नाहीं. आमच्या लहानपणीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत. पुढें ते शाळांतून गेले, आणि गेले ते बरें झालें असें आम्हांलाहि वाटत होतें. त्या दुपारनंतर वाटेनासें झालें.

पण हा हिशेब खरा कां ठरतो? घरीं परतल्यावर आम्हीं पंचांग घेऊन बसलों तेव्हां जें उलगडलें तें वाचकांनीं आपल्या मुलांसह कागदावर करून पाहावें, इतकें सोपें आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यामध्यें बारा अंशांचें अंतर पडलें कीं एक तिथि होते. वर्तुळाचे अंश ३६०, त्यांना ३० तिथींनीं भागलें कीं १२. दुसरीकडे पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते ती तासाला १५ अंश या गतीनें. मग चंद्र सूर्याच्या बारा अंश मागें पडला, तर त्याला आपल्या डोक्यावर येण्यास किती उशीर होईल? तासाच्या बारा-पंधरांश, म्हणजे ४८ मिनिटें. भरती चंद्राच्या मागून चालते. तेव्हां तीहि दर तिथीस ४८ मिनिटें उशिरां येणार. कोळ्यानें ४८ च्या जागीं ४५ धरलीं, म्हणजे पाऊण तास, कारण पाऊणकी तोंडीं होते. तिथीमागें तीन मिनिटांची ही चूक. पंचमीस ती पाव तास होते, दशमीस अर्धा तास. म्हणून पुढच्या तिथींना भरती हिशेबाहून थोडी मागाहून येते हें लक्षांत ठेवावें. आम्हीं तांडेलाला पुढच्या वर्षीं हें मोठ्या उत्साहानें सांगितलें, तेव्हां तो एवढेंच म्हणाला कीं दशमीनंतर आम्ही थोडें थांबतोंच.

आतां चंद्रानें पाणी चढतें तरी कसें? एका दिवसांत भरती दोनदां कां? वर्गांत हा प्रश्न क्वचित् विचारला जातो आणि विचारला तरी उत्तर देतांना मास्तर अडखळतो. आम्हीं पुढें मैदानावर एक युक्ति करीत असूं. तीन मुलांना एकामागें एक उभें करावयाचें आणि धांवावयास सांगावयाचें. पुढचा सर्वांत वेगानें, मधला त्याहून कमी, मागचा सर्वांत हळू. थोड्या वेळानें मधल्याला विचारावें, "तुझ्यापासून दूर कोण गेलें?" तो म्हणतो, "दोघेहि." चंद्राचें आकर्षण असेंच आहे. पृथ्वीच्या ज्या बाजूस चंद्र आहे तिकडचें पाणी अधिक ओढलें जातें, पृथ्वीचा मध्य त्याहून कमी, आणि पलीकडच्या बाजूचें पाणी सर्वांत कमी. त्यामुळें पाण्यास दोन फुगवटे येतात, एक चंद्राकडे आणि एक त्याच्या उलट दिशेस. त्यांच्याखालून पृथ्वी फिरते, म्हणून एकाच किनाऱ्यावर दिवसांतून दोन भरत्या येतात. पृथ्वीचा एक फेरा होईपर्यंत चंद्र पुढें सरकलेला असतो. त्याला गांठावयास तिला आणखी सुमारें ५० मिनिटें लागतात. म्हणून दोन भरत्यांमधील अंतर बारा तासांचें नसून सुमारें १२ तास २५ मिनिटांचें असतें.

सूर्यहि पाणी ओढतो. तो चंद्राहून कितीतरी मोठा, परंतु अंतरहि तसेंच प्रचंड. त्यामुळें भरती उठविण्याची त्याची शक्ति चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमीच पडते. पौर्णिमेस व अमावास्येस दोघे एका रेषेंत येतात, तेव्हां पाणी फार चढतें आणि फार उतरतें. यास कोंकणांत उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनांत असतात, तेव्हां पाणी बेताचें चढतें व बेताचेंच उतरतें. ती भांगाची भरती. उधाणाचा सर्वांत मोठा जोर पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनीं येतो आणि चतुर्थीपर्यंत तो पुरता ओसरलेला नसतो. आमच्या संकष्टीस पाणी इतक्या त्वरेनें कां चढलें याचें एक कारण हें.

दुसरें कारण याहूनहि महत्त्वाचें आहे, आणि तें प्रत्येक आईबापानें ध्यानांत ठेवावें. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत जे सहा तास जातात त्यांत पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक असा साधारण क्रम असतो. पहिला तास पाहून माणूस निश्चिंत होतो. तिसऱ्या तासांत तो गोंधळतो. आम्ही पट्ट्यावर गेलों तेव्हां पहिला तास संपत होता, आणि निघालों तेव्हां पाणी ऐन वेगांत होतें. अलिबागेस कुलाबा किल्ल्यावर ओहोटींत पायीं जातां येतें. तेथें जाणाऱ्यांनीं परतण्याची वेळ आधीं ठरवून मग किल्ला पाहावा, तो याचसाठीं.

हा हिशेब सर्व किनाऱ्यांना मात्र जसाच्या तसा लागूं पडत नाहीं. भरतीची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे येते. म्हणून गोव्याकडे भरती मुंबईच्या आधीं होते. उंचीहि सर्वत्र सारखी नाहीं. गोव्यास उधाणाची भरती सुमारें दोन मीटरांची, तर मुंबईस ती साडेचार मीटरांवर जाते आणि पावसाळ्यांत अशा दिवसांची यादी आधीं प्रसिद्ध होते. कारण त्याच वेळीं मोठा पाऊस पडला तर शहराचें पाणी समुद्रांत जाऊं शकत नाहीं. आणखी उत्तरेस खंबायतचें आखात नरसाळ्यासारखें निमुळतें होत जातें, तेथें भावनगरजवळ पाणी दहा मीटरांहून अधिक चढतें-उतरतें. म्हणून ज्या गांवीं जावयाचें तेथल्या मच्छीमाराला विचारणें, आणि हिशेबावर तासाभराची सूट धरणें, हे दोन नियम पाऊणकीइतकेच पाठ असावेत.

आमचें अज्ञान कांहीं अपूर्व नव्हतें, एवढेंच आम्हांला पुढें वाचनांतून समाधान मिळालें. ख्रिस्तपूर्व ३२५ मध्यें शिकंदराचें सैन्य सिंधु नदीच्या मुखाशीं आलें. भूमध्यसमुद्रांत भरती-ओहोटी अगदींच थोडी. तेथलीं तीं माणसें. पाणी ओसरून जहाजें चिखलांत बसलीं आणि थोड्या तासांनीं तेंच पाणी उसळून आलें, तेव्हां ते जगज्जेते वीर भयभीत झाले. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दीनें मात्र आपल्या प्रवासग्रंथांत भडोचच्या भरतीचें सावधगिरीनें वर्णन केलें आहे. तो पाहून, विचारून आणि बहुधा थोडें भिऊन लिहीत होता. संस्कृत कवींना चंद्रोदयाबरोबर उचंबळणारा सागर चांगला परिचित आहे. आम्ही तीं वर्णनें मुलांना शिकवीत होतों, पण अलंकार म्हणून. "वेला" या एकाच संस्कृत शब्दाचे काळ, किनारा आणि समुद्राची भरती असे तीन अर्थ कोशांत दिलेले आहेत. ते आम्हांला पाठ होते. पण ते तीन अर्थ एका शब्दांत कां राहिले हें कोणास विचारावेंसें वाटलें नाहीं. गोव्याच्या कोंकणींत आजहि समुद्रकिनाऱ्याला "वेळ" म्हणतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याला वेळ आणि वेळा निराळ्या नसतात, हेंच त्याचें उत्तर असावें.

आकर्षणाच्या नियमानें भरतीचा उलगडा न्यूटननें १६८७ मध्यें केला. पण कोणत्या बंदरीं किती वाजतां किती पाणी असेल, हें सांगण्यास नियम पुरत नाहीं. तेथें वर्षानुवर्षें पाणी मोजावें लागतें. मुंबईस अपोलो बंदरावरील अशा मोजणीची नोंद १८७८ पासूनची आहे. आशियांतील जुन्यांत जुन्या नोंदींत ती मोडते, आणि समुद्राची सरासरी पातळी हळूहळू वर येत आहे हें तिच्यासारख्या जुन्या नोंदींवरूनच कळतें. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं बंदरांच्या भरती-ओहोटीचीं कोष्टकें छापतो. १९६६ मध्यें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, ती आतां गोव्यांत दोनापावला येथें आहे; तत्पूर्वीं हिंदी महासागराच्या संशोधनाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम पार पडली होती, तिचेंच तें फळ. हैदराबादेस समुद्राविषयीं माहिती पुरविणारें केंद्र आहे. तें लाटांचा व वाऱ्याचा अंदाज देतें आणि मासे कोठें सांपडण्याचा संभव आहे हेंहि मच्छीमारांना कळवितें. ज्या मुलाला या शास्त्राची गोडी लागेल त्याला घराजवळच वाट आहे. पण गोडी लागण्यासाठीं त्यानें आधीं समुद्राकडे नीट पाहिलेलें असलें पाहिजे.

एवढें सर्व सांगण्याचें कारण निराळेंच आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड-जंजिऱ्यास सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी समुद्रांत बुडून मेले. ती बातमी वाचली त्या दिवशीं आमच्या घशाखालीं अन्न उतरलें नाहीं. त्या मुलांचें वा त्यांच्या शिक्षकांचें काय चुकलें हें ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. आम्ही स्वतः त्याच पाण्यांतून केवळ दुसऱ्याच्या पुण्याईनें बाहेर आलेले. परंतु अशा प्रसंगानंतर जो तो एकच उपाय सुचवितो: सहली बंद करा, समुद्र टाळा. आम्हांला हा उपाय पटत नाहीं. शाळेनें नेलें नाहीं म्हणून तरुण मुलें समुद्रावर जावयाचीं थोडींच राहतात? शाळेबरोबर जावयाचीं तीं मित्रांबरोबर जातात, एवढाच फरक. विहीर आहे म्हणून आपण मुलाला अंगणांत जाऊं देत नाहीं असें नाहीं. आपण त्याला पोहावयास शिकवितों.

शिकविण्यानें काय होतें याचीं दोन उदाहरणें एकाच दिवसाचीं आहेत. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाशीं प्रचंड भूकंप होऊन त्सुनामीच्या लाटा उठल्या. त्यांचा तिथीशीं कांहीं संबंध नव्हता. त्या दिवशीं पौर्णिमा होती हा निव्वळ योगायोग. आपल्या तामिळनाडूंत नागपट्टणम्‌च्या बाजूस हजारों माणसें त्यांनीं नेलीं. थायलंडमध्यें फुकेट बेटाच्या एका किनाऱ्यावर टिली स्मिथ नांवाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईबापांबरोबर फिरत होती. पाण्यावर विलक्षण फेंस येत आहे आणि तें परत फिरत नाहीं, हें तिनें पाहिलें. दोनच आठवड्यांपूर्वीं तिच्या भूगोलाच्या शिक्षकानें वर्गांत त्सुनामीचीं लक्षणें सांगितलीं होतीं. तिनें आईबापांजवळ हट्ट धरला, त्यांनीं पहारेकऱ्याला सांगितलें, किनारा मोकळा झाला आणि सुमारें शंभर माणसें वांचलीं. दुसरें उदाहरण सुमात्राच्याच पश्चिमेच्या सिमेउलुए बेटाचें. भूकंपाच्या उगमाला हें बेट अगदीं जवळ. तेथें १९०७ मध्यें अशीच लाट येऊन गेली होती, आणि तेव्हांपासून आज्या नातवंडांना गोष्टींतून व गाण्यांतून सांगत आल्या कीं जमीन जोरानें हालली आणि समुद्र मागें हटला कीं कांहीं न घेतां डोंगरावर पळा. त्या लाटेला तेथें "स्मोंग" म्हणतात. बेटाची वस्ती ७८ हजारांच्या आसपास. त्या दिवशीं मेलीं तीं सात माणसें.

एकीकडे शाळेंतला धडा, दुसरीकडे आजीची गोष्ट. दोन्हींनीं माणसें वांचविलीं. कारण दोन्ही ठिकाणीं शिकविणाऱ्यानें सांगितलेलें ज्ञान किनाऱ्यावर उपयोगी पडेल असें सांगितलें होतें. आमचा धडा मात्र फळ्यावरचा फळ्यावरच राहिला. चूक पुस्तकाची नव्हती, त्यांतलें अक्षर न्‌ अक्षर खरें होतें, पण "आज तिथि कोणती?" हा एक प्रश्न आम्हीं त्याला जोडला नव्हता.

मुलाच्या वडिलांना भेटावयास आम्ही त्याच रात्रीं गेलों. ते शेतकरी होते. घडलेलें सर्व, आपली चूक न झांकतां, सांगितलें. ते पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "गुरुजी, पुढल्या साली पोरांना नेणार असाल तर याला पण न्या. नाहींतर त्याला पाण्याचं भ्या बसंल." चंद्र केव्हांच वर आला होता. उपास सोडावयाचा राहूनच गेला.

पुढच्या वर्षीं आम्हीं त्याला नेलें. वेळ पंचांग पाहून ठरविली, आणि पाण्याजवळ जाण्यापूर्वीं मुलांना तांडेलापुढें बसविलें. त्यानें तिथि विचारली, मुलांनीं पाऊणपट सांगितली. मग त्यानें एक गोष्ट दाखविली, ती आम्ही दरवर्षीं मुलांकडून वदवून घेत असूं. जेथें लाटा फुटतात त्यांच्या मधोमध एखादी जागा शांत, बिनलाटांची, गढूळ दिसते. नवख्याला तीच बरी वाटते, आणि तीच घातकी. किनाऱ्यावर आलेलें पाणी तेथून जोरानें परत समुद्रांत जात असतें. त्या ओढींत कोणी सांपडला तर त्यानें किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशीं झुंजूं नये, दमून माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवें पोहत जावें; ओढ अरुंद असते, ती सुटली कीं मग किनाऱ्याकडे वळावें. पोहतां न येणाऱ्यानें अंग सैल सोडून तरंगत राहावें आणि हात वर करून हांक मारावी. तांडेलानें या सर्वाबद्दल कधीं पैसा घेतला नाहीं. नारळ मात्र घेत असे, आणि तो समुद्राला वाही. सेवेंतून निवृत्त होईपर्यंत आम्हीं ती सहल मोडूं दिली नाहीं. पुढें तांडेल वारला, तेव्हां त्याचा मुलगा आमच्या मुलांपुढें बसूं लागला.

त्या बुटक्या मुलाच्या वार्षिक परीक्षेंत भरती-ओहोटीचा प्रश्न आला होता. त्यानें पुस्तकांतलें उत्तर लिहिलें, आणि खालीं एक ओळ स्वतःची घातली: चतुर्थीला दुपारीं तीन वाजतां भरती पूर्ण होते, म्हणून दहानंतर वाळूवर जाऊं नये. उत्तरपत्रिका तपासतांना त्या ओळीला किती गुण द्यावेत हें आम्हांला ठरवितां येईना, कारण ती ओळ आम्हीं शिकविलेली नव्हती.

वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. या सुट्टींत मुलांना घेऊन कोंकणांत जाल तेव्हां सामानांत पंचांग असूं द्या. निदान भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून तिथि पाहून घ्या. किनाऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वीं मुलाकडून पाऊणपट करवून घ्या, नंतर एखाद्या मच्छीमाराला विचारून ती बरोबर आली कीं नाहीं तें त्यालाच पडताळूं द्या. वाळूंत एक काठी रोवावी आणि पाणी तिच्याशीं केव्हां येतें तें घड्याळ लावून पाहावें. मुलाचें गणित, भूगोल आणि ज्योतिष एका सकाळींत होईल, आणि मूल सायंकाळीं घरीं येईल. आमच्या घरीं नातवंडें संकष्टीच्या रात्रीं चंद्राची वाट पाहत अंगणांत बसतात. चंद्र दिसला कीं आमची लहान नात पानावर बसण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें म्हणते, "चार पाऊण तीन." इतकें झालें म्हणजे आम्ही उपास सोडतों.